ही माशी कोणाच्या जिवावर वाढली?

देवनारमध्ये माशीचा फोटो मिळवायला कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते माशी कोणती हे सांगायला. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येऊन पडतो आहे, १९७१ पासून महापालिकेचा कत्तलखाना इथे आहे आणि कचऱ्याच्या डोंगरापलीकडे तिवरांनी भरलेली ठाणे खाडी आहे. कुजणारं मांस, शेण आणि ओला कचरा यांवर वाढणाऱ्या माश्या इथे इतक्या आहेत की पानावर ऊन खात बसलेली खरी परजीवी माशी त्या गर्दीत हरवते. उलटाही प्रकार होतो. मॅक्रो लेन्स घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींनी 'परजीवी' म्हणून जपून ठेवलेली केसाळ, करडी माशी पुष्कळदा साधी मांसमाशी निघते. म्हणून देवनार-गोवंडीच्या बाजूला माश्यांचे फोटो काढणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक गृहीत धरावं: समोरची करडी माशी परजीवी नाही. ती परजीवी आहे हे फोटोने सिद्ध करायचं आहे.

परजीवी माश्यांचेही दोन संसार आहेत. काही माश्यांच्या अळ्या दुसऱ्या किड्याच्या अंगात शिरतात, त्याला आतून खातात आणि शेवटी मारतात. शेतकरी यांनाच मित्रकीटकांत धरतो. दुसऱ्या माश्या जनावरांच्या, पक्ष्यांच्या, क्वचित माणसांच्याही अंगावर किंवा अंगात राहतात. या दोन्ही गटांसाठी फोटो काढण्याची पद्धत वेगळी आहे, पण पहिल्या गटात फसगत जास्त होते, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्यासाठी.

आधी पंख मोजा. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी देठावर बसवलेले दोन बारीक गोळे असतात, त्यांना संतोलक म्हणतात. गांधीलमाशी, कुंभारीण, मधमाशी यांना चार पंख असतात, पण मागचे पंख पुढच्यांना अडकलेले असल्याने फोटोत दोनच वाटतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बारीक कमरेची वस्तू दिसली की घाई करू नका. बाजूने फोटो घ्या आणि संतोलक शोधा.

आता मुख्य भांडण: टॅकिनिड की मांसमाशी? टॅकिनिड कुळात जगभरात साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, आणि ज्यांचं जीवनचक्र माहीत आहे त्या सगळ्या कीटकांच्या किंवा त्यांच्या जवळच्या संधिपाद प्राण्यांच्या अंगात वाढतात. मांसमाश्या, म्हणजे सार्कोफॅगा गटातल्या माश्या, बहुतेक कुजक्या मांसावर वाढतात. दोन्ही करड्या, दोन्हींच्या पाठीवर काळे पट्टे, दोन्हींच्या अंगावर राठ केस. वरून काढलेल्या एकाच फोटोवरून भले भले गोंधळतात.

मांसमाशीच्या छातीवर सहसा तीन ठळक काळे पट्टे असतात आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. हे चौकोन प्रकाशाच्या कोनाप्रमाणे जागा बदलतात: एका बाजूने काळा दिसलेला चौकोन दुसऱ्या बाजूने चंदेरी होतो. टॅकिनिडच्या छातीवर बरेचदा चार पट्टे असतात, कधी पाच, आणि पोटावर मागच्या बाजूला उभे, जाड, काळे केस उठून दिसतात. पण पट्टे आणि केस ही केवळ शंकेची कारणं आहेत. त्यांवर निकाल देऊ नये.

निकाल दोन ठिकाणी लागतो आणि दोन्ही ठिकाणं वरून दिसत नाहीत. पहिलं ठिकाण छातीच्या मागच्या टोकाला. तिथे एक त्रिकोणी तुकडा असतो, अभ्यासक त्याला स्क्युटेलम म्हणतात. माशीला बरोबर बाजूने, तिच्या उंचीवर येऊन पाहिलं तर टॅकिनिडमध्ये या तुकड्याखाली आणखी एक गोल फुगवटा दिसतो. मांसमाशीत तिथे असा फुगवटा नसतो. पंख थोडे बाहेर पसरलेले असतील तर तो दिसतो, मिटलेले असतील तर झाकला जातो. म्हणून बाजूचा एक फोटो काढून थांबू नका. माशी पंख हलवेपर्यंत एकामागून एक फोटो घेत राहा.

दुसरं ठिकाण शृंगिकेवर. माशीच्या आखूड शृंगिकेतून एक केस बाहेर येतो, त्याला अरिस्टा म्हणतात. मांसमाशीत या केसाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी लांब पिसारा असतो आणि टोक उघडं असतं. निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्यांमध्ये, म्हणजे कचऱ्यावर सर्रास दिसणाऱ्या क्रायसोमायांमध्ये, पिसारा टोकापर्यंत जातो. टॅकिनिडमध्ये हा केस बहुधा उघडाच असतो. 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा, कारण टॅकिनिडच्याच एका मोठ्या गटात पिसारा असतो. म्हणून दोन खुणा एकत्र जुळल्याशिवाय नाव लावू नये. यासाठी डोक्याचा समोरून, जरासा तिरपा, डोळ्यावर नव्हे तर शृंगिकेवर फोकस केलेला फोटो लागतो. बहुतेकांचा कॅमेरा आपोआप डोळ्यावर जातो आणि तिथेच पुरावा हुकतो.

घरमाशी आणि तिची भावंडं आधीच बाजूला काढायची असतील तर मागच्या पायाच्या बुडाच्या जरा वर, छातीच्या कडेला पाहा. टॅकिनिड, मांसमाशी आणि चकाकत्या माश्या यांना तिथे राठ केसांची एक उभी रांग असते, घरमाशीला ती नसते. हे सगळं बाजूच्या एकाच चांगल्या फोटोत येऊ शकतं, म्हणून बाजूचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. लोक मात्र वरूनच काढतात, कारण वरून पंख छान दिसतात!

मांसमाश्यांच्या कुळातही काही परजीवी आहेत, हे इथे सांगायला हवं, नाहीतर वरचा नियम फसवेल. खाडीकाठच्या उघड्या, मोकळ्या मातीत बीळ खणणाऱ्या गांधीलमाश्या सुरवंट किंवा नाकतोडा ओढून नेताना दिसतात. त्यांच्या मागे थोडं अंतर राखून, त्या वळतील तशी वळत, एखादी छोटी करडी माशी उडत असते. ती मिल्टोग्रामा गटातली. गांधीलमाशीने बिळात नेलेल्या शिकारीवर ती आपल्या जिवंत अळ्या टाकते आणि त्या अळ्या गांधीलमाशीच्या पिल्लांचं अन्न खाऊन टाकतात. हिच्या अरिस्टावर लांब पिसारा नसतो. हिची ओळख शरीरापेक्षा वागण्यावरून पटकन होते, तेव्हा माशी आणि गांधीलमाशी एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्या, मग तो थोडा धूसर असला तरी चालेल.

फोटोच्या तांत्रिक बाजूवर फार लिहीत नाही, हातातली साधनं प्रत्येकाची वेगळी. सकाळी आठ ते दहा ही वेळ धरा. माश्यांचं अंग तापलेलं नसतं, त्या पानावर उन्हात बसतात आणि लगेच उडत नाहीत. पावसाळा संपल्यावरचे दोन-तीन महिने सर्वांत चांगले: टाकळा, घाणेरी, दगडी पाला, रुई, सगळं माजलेलं असतं आणि त्यावर सुरवंटही भरपूर. तुमची सावली माशीवर पडू देऊ नका, पडली की ती गेलीच. मोबाइलला लावायची साधी मॅक्रो लेन्स पुरते. मात्र मोबाइलमधली आपोआप 'सुधारणा' करणारी सोय बंद ठेवा. अलीकडचे फोन धूसर भागात स्वतःच्या कल्पनेने केस आणि रेषा भरतात, आणि आपली तर सगळी मदार केसांवर. मूळ फोटो न कापता, न रंगवता जपून ठेवा.

कचरा डेपो आणि कत्तलखाना यांच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नका. डेपोला वारंवार आगी लागल्या आहेत, २०१६ च्या जानेवारीतली आग तर शहरभर धूर पसरवून गेली. माशीसाठी तिथे शिरण्याची गरजही नाही. तिथे सापडेल ती बहुतेक मांसमाशीच असेल. आपल्याला हवी ती माशी हिरवळीत आहे.

माशीच्या फोटोपेक्षा तिने ज्याला खाल्लं त्याचा फोटो जास्त मोलाचा असतो. पानावर बसलेली टॅकिनिड फक्त कुळ सांगते. सुरवंटातून बाहेर आलेली टॅकिनिड तिचं सगळं आयुष्य सांगते. ठाणे खाडीच्या तिवरांवर पावसाळ्याच्या शेवटाकडे हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या येतात. सागाची पानं फस्त करणारी अळी ती हीच. काही वर्षी ती तिवरांचे पट्टेच्या पट्टे ओकेबोके करते, वर्तमानपत्रांत 'कांदळवन वाळलं' अशा बातम्या येतात आणि काही आठवड्यांत झाडं पुन्हा पालवतात. केरळमध्ये सागाच्या वनांत या अळीवर अभ्यास झाला तेव्हा तिच्या अंगात वाढणाऱ्या टॅकिनिड माश्या नोंदल्या गेल्या. आपल्या तिवरांवर अळीचा हंगाम असतो तेव्हा पानांवर घुटमळणारी करडी माशी म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तिथे तीन फोटो घ्या: माशीचा बाजूने, त्याच फांदीवरच्या अळीचा, आणि गुंडाळलेल्या, खाल्लेल्या पानांचा. कांदळवनाचा बराच भाग राखीव वनात आहे, म्हणून तिथून अळ्या उचलून आणू नका. त्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते.

अळी वाढवून पाहायची असेल तर गॅलरीतला कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप पुरेसं आहे. लिंबाच्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या मुंबईत कुठल्याही मजल्यावर येतात. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या मिळतील. अळीच्या डोक्यामागे, जिथे तिचं तोंड पोहोचत नाही अशा जागी, पांढरं, लंबगोल, घट्ट चिकटलेलं अंडं दिसलं तर ते टॅकिनिडचं असण्याची दाट शक्यता. त्याचा फोटो घ्या. काही जातींची माशी मात्र अळीवर अंडी घालतच नाही. ती पानावर अतिसूक्ष्म अंडी पेरते आणि अळी पानाबरोबर ती गिळते. अशा वेळी अळीवर काहीच खूण दिसत नाही.

अळीला एका बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचा तुकडा बांधा, तळाला टिश्यू पेपर घाला आणि रोज ताजं पान द्या. पाणी ठेवू नका. संसर्ग झालेली अळी कधी मरते, कधी कोष करते आणि मग त्या कोषातून पांढरट, चिकट धागा लोंबताना दिसतो. त्याच धाग्यावरून माशीच्या अळ्या खाली उतरलेल्या असतात. तळाशी पाहिलंत तर काही तासांत गुळगुळीत, तपकिरी, कडक, लंबगोल कोष दिसतील. अळीच्या अंगावर किंवा शेजारी रेशमी, पांढरे किंवा पिवळसर कोषांचे झुबके दिसले तर तो माशीचा उद्योग नाही. ती छोट्या परजीवी गांधीलमाश्यांची करामत. हा एक फरक कळला तरी निम्मी चुकीची नावं वाचतात.

मुंबईच्या हवेत माशी साधारण आठ ते पंधरा दिवसांत बाहेर येते. लगेच फोटो काढण्याची घाई करू नका. नव्या माशीच्या कपाळावर फुगा असतो, त्याच्या जोरावर ती कोषाचं झाकण फोडते. तेव्हा तिचे पंख चुरगळलेले आणि रंग फिका असतो. दिवसभर थांबा, मग वर सांगितलेले फोटो घ्या आणि रिकाम्या कोषाचा, फुलपाखराच्या मृत कोषाचाही घ्या.

रेशीम उत्पादकांना हे सगळं माहीत आहे, फक्त ते आनंदाने सांगत नाहीत. बीड, जालना भागात तुतीवर रेशीम घेणारे शेतकरी उझी माशीला घाबरतात. तिचं शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, आणि ती टॅकिनिडच. १९८० मध्ये ती बंगालकडून कर्नाटकात पोहोचली आणि दक्षिणेतल्या रेशीम धंद्याला नवा शत्रू मिळाला. रेशीम किड्याच्या अंगावर पांढरं अंडं आणि नंतर तिथेच काळा डाग, ही तिची खूण. अळी आत जिथून शिरते तिथली त्वचा काळी पडते. लष्करी अळीवर माशी बसलेली पाहून खूश होणारा मक्याचा शेतकरी आणि त्याच कुळातल्या माशीपासून वाचण्यासाठी खिडक्यांना जाळ्या लावणारा रेशीम शेतकरी एकाच गावात असू शकतात.

टॅकिनिडबाहेरच्या परजीवी माश्या तुलनेने सोप्या आहेत. मोकळ्या जमिनीवर पंख आडवे पसरून बसणारी, पंखांवर काळ्या-तपकिरी नक्षीची, अंगावर मऊ लव असलेली माशी बॉम्बिलिड कुळातली. तिच्या अळ्या जमिनीत घरं करणाऱ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या बाळांवर वाढतात. कित्येक जातींची मादी पोटाच्या टोकाशी धूळ साठवते, अंड्यांना ती माखते आणि बिळावर तरंगत राहून अंडी आत झटकते. तिला तरंगताना टिपलंत तर वरून फोटो नाही मिळाला तरी चालेल. फुलांवर लांब सोंड, मोठं डोकं, पुढे आलेल्या जाड शृंगिका आणि गांधीलमाशीसारखी कंबर असलेली, पण दोनच पंखांची माशी दिसली तर ती कोनोपिड. तिची मादी उडत्या मधमाशीला पकडून तिच्या पोटात अंडं घालते. डोकं जवळजवळ पूर्ण डोळ्यांनी भरलेली, पानांमधून तरंगणारी काळी, इवलीशी माशी पिपुन्कुलिड. भाताच्या तुडतुड्यांवर ती जगते, देवनारला गवतात पाहा. रात्री दिव्यावर येणारी, नक्षीदार पंखांची, सुस्त पिर्गोटिड माशी हुमणीच्या भुंग्याच्या अंगात अंडी घालते. तिला दिव्याखालच्या भिंतीवर सहज टिपता येतं.

जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या माश्यांसाठी नियम उलटा होतो: इथे यजमान आधीच ठाऊक असतो. गॅलरीत पारव्यांनी घरटं केलं असेल तर पिसांतून निघून अंगावर आडवी धावणारी, चपटी, तपकिरी, चिवट कातडीची माशी सापडू शकते. तिला दाबून मारणं अवघड जातं. ती सूडोलिंकिया कॅनरियेन्सिस. तिच्या पायांची वाकडी नखं दिसतील असा फोटो पांढऱ्या कागदावर घ्या. ही माशी अंडी घालत नाही. अळी पोटातच पूर्ण वाढवते, एकेक करून जन्माला घालते आणि ती लगेच काळा, गोल कोष बनते. पारव्यांच्या रक्तातला हीमोप्रोटियस हा परजीवी ती पसरवते, हे १९०६ मध्ये अल्जीरियात सर्जंट बंधूंनी दाखवलं. घरट्यातला कचरा मास्क लावूनच हलवा.

बकरी ईदच्या आधी देवनारला राज्याबाहेरूनही हजारो बकरे येतात. त्यातला एखादा एकसारखा शिंकतो, नाक जमिनीशी दाबून उभा राहतो, पाय आपटतो. हे ऊष्ट्रस ओव्हिसचं लक्षण असू शकतं. ती माशी उडता उडता नाकपुडीशी जिवंत अळ्या सोडते. माशी स्वतः काही खात नाही, तिचं तोंड नावापुरतं असतं, आणि ती भिंतीवर निवांत बसलेली क्वचितच दिसते. म्हणून इथे माशीचा पाठलाग करण्यापेक्षा बकऱ्याचा, त्याच्या नाकातून येणाऱ्या स्रावाचा व्हिडिओ घ्या आणि मालकाला पशुवैद्याकडे जायला सांगा. बाजारात जनावरांच्या पायांवर बसून रक्त पिणारी, डोक्याखालून टोकदार सोंड पुढे काढलेली, घरमाशीसारखी माशी स्टोमोक्सिस. तिची सोंड बाजूने दिसली की काम झालं.

फोटोने अजिबात न ओळखावी अशीही एक माशी आहे. क्रायसोमाया बेझियाना, जखमेत अंडी घालणारी. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात, आणि मुंबईत कुत्र्या-मांजरांच्या जखमांत, कधी बेवारस किंवा आजारी माणसांच्या जखमांतही त्या सापडतात. तिची प्रौढ माशी आणि कचऱ्यावरची क्रायसोमाया मेगासेफाला फोटोत इतक्या सारख्या दिसतात की नाव लावणं म्हणजे अंदाज बांधणं. जखमेत अळ्या दिसल्या तर फोटो काढण्यापूर्वी जनावर पशुवैद्याकडे न्या, माणसाला लगेच दवाखान्यात. डॉक्टर अळ्या काढतील तेव्हा काही अळ्या मागून घ्या, गरम पाण्यात टाका, मग सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. अळीच्या मागच्या टोकाला श्वासोच्छ्वासाच्या छिद्रांची जोडी असते, ओळख तिथे होते. परळचं १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा गोष्टींसाठी जवळचं ठिकाण.

नोंद करताना कॉम्प्युटरने सुचवलेल्या नावाला भुलू नका. आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स फोटो पाहून थेट जातीचं नाव सुचवतात, पण ज्या माश्यांचे आपल्याकडचे फोटोच कमी आहेत त्यांच्या बाबतीत ती सुचवणी परदेशी जातीवर जाते. सहसा 'टॅकिनिड कुळ' एवढंच लिहावं. भारतातल्या कोनोपिड, पिपुन्कुलिड, ऊष्ट्रिड माश्यांवर एन्रिको ब्रुनेट्टी यांनी १९२३ मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत खंड लिहिला. शंभर वर्षांनंतरही पुष्कळ गटांत तोच आधार आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे हौशी निरीक्षकाची एक नोंदही कमी मोलाची नाही हे पटतं.

माशी जपून ठेवायची असेल तर फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून मारा, टाचणीवर लावा आणि खाली चिठ्ठी टोचा. चिठ्ठीवर जागा लिहा: 'देवनार' एवढं नको, 'देवनार, खाडीकाठ, तिवर' असं. तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. दुसऱ्या चिठ्ठीवर यजमानाचं नाव, ते झाड कोणतं, अळी केव्हा आणली आणि माशी केव्हा निघाली. काचेच्या डबीत तिच्या रिकाम्या कोषाचं कवच ठेवा आणि त्याच क्रमांकाची चिठ्ठी डबीत घाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत किंवा पुण्याच्या आकुर्डीतील प्राणिसर्वेक्षण विभागाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात दाखवायला नेलीत तर सर्वांत आधी ती दुसरी चिठ्ठी वाचली जाते.